शनिवारी बंद असलेला घाणा

(दृश्य: पहाट. पनवेलहून अलिबागकडे जाणारा रस्ता. मागच्या सीटवर आजी आणि नात.)

आम्ही पनवेलचे. रायगड जिल्हा आमचाच, पण याच जिल्ह्यात आणखी कोण कोण राहतं, हे आम्हाला धड माहीत नव्हतं. लेकीने विचारलं, "आई, अलिबागमध्ये इस्राईल आळी का आहे?" उत्तर देता आलं नाही. म्हणून निघालो. मी, नवरा, लेक आणि सासूबाई.

पहिल्याच खेपेला चूक झाली. एका बेने इस्राईल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातल्या, मावशींच्या दारात आम्ही गेलो ते शनिवारी, तेही कॅमेरा घेऊन. मावशींनी प्रेमाने आत घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "अहो, आज शब्बाथ ना, आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस! आम्ही गॅस पेटवत नाही. चहा नाही व्हायचा. उद्या या, निवांत बसू." कॅमेरा पिशवीतच राहिला. त्या दिवसाचं एकही दृश्य या फिल्ममध्ये नाही.

(दृश्य: नवगावचा किनारा. ओहोटी.)

उरलेला दिवस नवगावला काढला. परंपरा सांगते, फार पूर्वी इथे एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. जे बुडाले, त्यांना इथेच पुरलं. वाचलेल्यांनी तेलाचा घाणा धरला, गावोगावी पसरले आणि त्या त्या गावाचं नाव लावलं. रोहेकर, पेणकर, दिवेकर. प्रार्थना बऱ्याचशा विसरल्या, पण 'शमा इस्राएल' ही यहुदी प्रार्थना ओठांवर राहिली आणि शनिवारी घाणा बंद राहिला. गावाने त्यांना नाव दिलं, शनवार तेली.

हे सगळं मी आधी वाचलं होतं. तरीही शनिवारीच दार वाजवलं.

(दृश्य: रविवार. दाराच्या चौकटीवर तिरकी बसवलेली छोटी नळी.)

ही मेझुझा. आत चर्मपत्राच्या गुंडाळीवर हिब्रू वचनं हाताने लिहिलेली असतात. मावशी येताजाता तिला बोटं लावून ती ओठांना लावतात. लेकीने विचारलं, "मी लावू?" मावशी म्हणाल्या, "लाव की."

मग मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बाजूला फळं. नवस फेडताना, लग्नकार्यात एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने हे ताट मांडतात. सासूबाईंनी घास घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "पोहे जाड की पातळ?" तिथून दोघींची जी गाडी लागली, ती थेट चिकाच्या हलव्यावर थांबली. गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात आटवायचा, वड्या पाडायच्या, रोश हशनाला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला. मटणाच्या जेवणावर गाईम्हशीचं दूध चालत नाही, म्हणून नारळाचं. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, चीक तर आम्हीही काढतो, कुरडयांचा!"

बहुतेक घरं 1948 नंतर हळूहळू इस्रायलला गेली. तिथूनही 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघत आलंय, हे सांगताना मावशींचा आवाज जरा भरून आला.

(दृश्य: रेवदंड्याचा पूल. पलीकडे कोर्लईचा डोंगर.)

कुंडलिकेची खाडी ओलांडली की कोर्लई. 1740 मध्ये खाडीअलीकडचं चौल पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आलं. पोर्तुगीज गेले, पण किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती घरांत त्यांच्या भाषेतून घडलेली एक बोली राहिली. बोलणारे तिला 'नौ लिंग' म्हणतात, आपली भाषा. शब्द पोर्तुगीज वळणाचे, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. चहूबाजूंनी मराठी बोलली जात असताना पावणेतीनशे वर्षांत भाषेचा कणाच असा वळला. मला हे फार मोठं वाटतं.

परतीच्या वाटेवर लेक गाडीत मोजत होती. चावी, बादली, साबण, बटाटा, पाव, पगार. आपल्या घरातले हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले.

जंजिऱ्यालाही गेलो. शिडाच्या होडीतून किल्ला पाहिला, तोफा पाहिल्या. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचं हे संस्थान 1948 पर्यंत टिकलं. पण सिद्दी घरातलं कुणी भेटलं नाही, कुणाच्या ओट्यावर बसणं झालं नाही. ती खेप अजून बाकी आहे.

(दृश्य: पनवेल. वैशाख. आमची गच्ची.)

मे महिन्यात मावशी आमच्याकडे राहायला आल्या. सासूबाईंनी आधीच फोन करून विचारलं होतं, काय चालतं, काय नाही. तीन दिवस गहू भिजले होते, पाणी रोज बदललं होतं. रविवारी सकाळी दोघींनी मिळून ते वाटून फडक्यातून पिळले. निम्मा चीक सोऱ्यातून प्लास्टिकवर उतरला. उरलेल्या निम्म्यात मावशींनी नारळाचं दूध ओतलं आणि डाव लेकीच्या हातात दिला. "ढवळत राहा गं, तळाला लागू देऊ नकोस."