बोनस, सोनपापडी आणि शाबासकी

(दृश्य : दिवाळीचा आठवडा, कंपनीच्या गेटवर मिठाईच्या डब्यांची थप्पी)

दिवाळीच्या तोंडावर कुठल्याही कंपनीच्या गेटवर उभे राहा, चर्चा एकच, बोनस कधी जमा होणार. आणि हातात सोनपापडीचा डबा. तिच्यावरचे जोक्स राहूदेत, तिचा बिचारीचा काय दोष.

(दृश्य : लालबाग-परळ, बंद गिरणीचं धुराडं)

बोनससाठीचं मोठं भांडण झालं ते इथे, गिरणगावात. पहिल्या महायुद्धात कापड गिरण्यांनी बक्कळ कमावलं, कामगार महागाईने पिचलेला, मग मालकांनी पगारावर जास्तीचं काहीतरी द्यायला सुरुवात केली आणि १९१९ ते १९२२ सलग चार वर्षं एका महिन्याचा पगार बोनस म्हणून दिला. आता चार वर्षं मिळालं की माणूस ते धरूनच चालतो ना, वाण्याची उधारी, गावची मनीऑर्डर सगळं त्याच हिशोबात. १९२३ ला मालक म्हणाले यंदा नाही. झालं, १९२४ च्या जानेवारीत संप, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर, थेट मार्चपर्यंत.

कमिटी बसली, अध्यक्ष मुंबई हायकोर्टाचे चीफ जस्टिस सर नॉर्मन मॅक्लिऑड. त्यांनी सांगितलं की बोनसवर कामगारांचा हक्क नाही, ना कायद्याने, ना रिवाजाने. थोडक्यात काय तर मालकाची मर्जी.

मर्जीचा हक्क व्हायला १९६५ उजाडलं. बोनस कायद्याने आधी किमान ४ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के असं ठरवलं, पुढे किमान ८.३३ टक्के झालं. हा ८.३३ चा विचित्र आकडा कुठून आला? वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे तोच एका महिन्याचा पगार! फक्त मेख अशी की हिशोबाला पूर्ण पगार धरत नाहीत, २०१५ च्या दुरुस्तीत ठरलं महिन्याला ७,००० रुपये किंवा किमान वेतन, जे जास्त असेल ते. रेल्वेच्या बोनसलाही तीच ७,००० ची मर्यादा, म्हणून तिथला '७८ दिवसांचा बोनस' ऐकायला जबरदस्त वाटतो पण हातात पडतात जास्तीत जास्त १७,९५१ रुपये.

(दृश्य : रिसेप्शनच्या भिंतीवर 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'ची फ्रेम)

आता बघा, बोनस हक्काचा झाला, फार चांगलं झालं, पण त्यातून कौतुक गेलं. मरमर काम करणाऱ्याला तोच टक्का, टाइमपास करणाऱ्याला पण तोच. हक्काचं असंच असतं, असायलाच पाहिजे. मग कौतुकाचं काय करायचं, तर एचआरने ही फ्रेम लावली, आणि बऱ्याच ठिकाणी महिनाभर कोण लागणार हे पाळीपाळीने ठरतं हे सगळ्या स्टाफला माहीत असतं! अशी फ्रेम नसलेलीच बरी.

रात्रपाळीतल्या फिटरने नुसत्या आवाजावरून बेअरिंग जाणार हे ओळखलं आणि लाइन बंद पडायच्या आत बदललं, तर सकाळी सुपरवायझरने शॉपफ्लोअरवर सगळ्यांसमोर त्याचं नाव घेऊन नेमकं हे सांगावं. खर्च शून्य. वार्षिक स्नेहसंमेलनात आठ महिन्यांनी 'उत्कृष्ट कामगिरी' लिहिलेली ट्रॉफी दिली तर त्याला स्वतःलाच आठवायला लागतं की कशाबद्दल बरं.

सुरतच्या एका हिरे व्यापाऱ्याने २०१८ च्या दिवाळीत ६०० गाड्या वाटल्या, देशभर बातमी झाली. छानच की, पण चाकण किंवा बुटीबोरीतला पंचवीस माणसांचा वर्कशॉपवाला काय करणार? त्याने टाटा ग्रुपकडे बघावं. तिथे 'डेअर टू ट्राय' नावाचा अवॉर्ड आहे, तो मिळतो फसलेल्या प्रयोगाला! नीट विचार करून धाडस केलं, जमलं नाही, तरी स्टेजवर बोलावतात.

(दृश्य : जमशेदपूर, पोलाद कारखाना)

आणि नुसत्या टाळ्यांवर भागवलं असंही नाही हं. त्यांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात कामगारांना नफ्यातला वाटा बोनस म्हणून द्यायला सुरुवात झाली १९३४ ला, कायदा यायच्या ३१ वर्षं आधी.