डाळ शिजायला पाणी कुठलं?

श्रोतेहो, नमस्कार.

लातूरच्या घरात दुपारी आमटीला फोडणी पडते तेव्हा त्या एका पातेल्यात आपला जिल्हा भेटतो. डाळ निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीची, चिंच त्याच तालुक्यातल्या पानचिंचोलीची आणि वरून पेरायची कोथिंबीर आपल्याच जिल्ह्यातली, कास्ती नावाची. या तिघींनाही २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पेपरात ती बातमी वाचली आणि मला फार बरं वाटलं. आपल्या आज्या-पणज्या हे सगळं रोज एका फोडणीत घालत होत्या, त्यावर आता सरकारी शिक्का बसला. पण आमटीला चौथी एक गोष्ट लागते, आणि तिच्यासाठी लातूरनं जेवढं सोसलंय तेवढं बाकी कशासाठी सोसलं नसेल. ती म्हणजे पाणी. आज मी पाण्याबद्दल बोलणार आहे, पण स्वयंपाकघरातून.

माझ्या घरून विद्यार्थ्यांचे डबे जातात. त्यामुळे रोज पहाटे मोठ्या कुकरमध्ये डाळ चढते आणि आज पाणी कुठलं आलंय हे मला त्या डाळीवरून कळतं. शिट्ट्या झाल्या, वाफ जिरली, झाकण काढलं, की चार दाणे पळीत घ्यायचे आणि दोन बोटांत दाबायचे. लोण्यासारखे पसरले तर नळाचं पाणी. वरून मऊ आणि मधोमध पांढरा ठिपका राहिला तर बोअरचं. ठिपका राहिलेली डाळ कितीही घोटा, ती पाण्यापासून वेगळीच राहते. वर पिवळं पाणी, खाली चुरा. तसं वरण डब्यात घालायला हात होत नाही.

असं का होतं, ते सांगते. खोल बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ असतात. डाळीच्या दाण्यातल्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिन नावाच्या पदार्थामुळे. गोड्या पाण्यात उकळताना हे पेक्टिन सुटतं आणि दाणा विरघळतो. जड पाण्यातलं कॅल्शियम त्या पेक्टिनला आवळून धरतं, म्हणून दाणा फुटत नाही. आपल्या आयांनी ही रसायनं शिकली नव्हती, पण ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही त्यात डाळ शिजवायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोन्हींमागचं कारण एकच आहे.

चिंचेचंही तसंच. आंबट आधी घातलं तर डाळ शिजायची थांबते. पेक्टिनला आंबटातही सुटायला जड जातं. म्हणून डाळ पूर्ण घोटून झाल्यावरच चिंचेचा कोळ घालायचा. काही जणी जड पाण्यावर उपाय म्हणून खायचा सोडा टाकतात. त्यानं डाळ शिजते हे खरं, पण डाळीतलं बी-१ जीवनसत्त्व सोड्यानं नासतं आणि चवही साबणासारखी होते. त्यापेक्षा डाळ तासभर भिजवा, ते पाणी काढून टाका, आणि घरात जे काही गोडं पाणी असेल ते आधी डाळीला द्या. भात जड पाण्यात निभावतो, डाळ निभावत नाही.

तुरीच्या बाबतीत तर आपण बोललंच पाहिजे. लातूरचा आडत बाजार तुरीसाठी देशात ओळखला जातो. इथल्या डाळ मिलमध्ये आख्ख्या तुरीच्या सालाला ओरखडे पाडतात, तिला तेल चोळतात, वाळवतात, मग भरडतात, तेव्हा कुठे साल सुटून दोन पाकळ्या होतात. हंगामात त्या भागातून गेलं की हवेतच डाळीची धूळ असते. इथली डाळ ठिकठिकाणच्या स्वयंपाकघरांत जाते. आणि याच गावात २०१६ साली डाळ शिजवायला पाणी नव्हतं.

तो उन्हाळा ज्यांनी काढला त्यांना मी काय सांगणार? पण श्रोत्यांत आज कॉलेजात जाणारी मुलं असतील, ती तेव्हा लहान होती. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये टाक्या आणि टँकर भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीला १० वाघिणी, म्हणजे सुमारे ५ लाख लिटर. त्या वाघिणी राजस्थानातल्या कोटा इथल्या रेल्वेच्या कारखान्यात वाफेनं धुऊन आणल्या होत्या. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, एका फेरीला २५ लाख लिटर. मिरज आणि लातूरमध्ये साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. एवढ्या लांबून कृष्णाकाठचं पाणी आपल्या घागरीत आलं. मिरजकरांचे हे उपकार लातूरनं विसरू नयेत, असं मला मनापासून वाटतं. ऑगस्टमध्ये, पाऊस झाल्यावर, ती गाडी थांबली.

रेल्वेचे फोटो सगळ्या देशानं पाहिले. घराघरांतल्या ओट्यावर काय चाललं होतं त्याचे फोटो कुणी काढले नाहीत, म्हणून ते मी सांगते. सगळ्यात आधी पालेभाजी बंद झाली. मेथी घ्या, चुका घ्या, माती निघायला तीन पाणी लागतात. तीन पाण्यांत एका माणसाची आंघोळ होत होती. मग दोडका, वांगं, बटाटा, म्हणजे एका पाण्यात धुऊन होणाऱ्या भाज्या आल्या. कणीक मळलेली परात धुवायची नाही, पुसायची आणि झाकून ठेवायची. तांदूळ धुतलेलं पाणी फेकायचं नाही, त्यात पुढची भांडी विसळायची. पत्रावळ्या आणि कागदी ताटल्या लग्नाच्या घरातून रोजच्या घरात आल्या. डाळ तर आठवड्यातून दोनदाच व्हायची.

आणि मग येसर कामाला आलं. ज्यांच्या घरी येसर नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने आणि मसाले वेगवेगळे खमंग भाजून एकत्र दळायचे. हे पीठ डब्यात भरून ठेवलं की महिनोन् महिने टिकतं. ऐनवेळी पाण्यात कालवायचं, लसणाची फोडणी द्यायची, एक उकळी काढायची. आमटी तयार. धान्य आधीच भाजलेलं असतं, म्हणून शिजायला वेळ लागत नाही. पाणी जड असलं तरी तिचं काही बिघडत नाही. मराठवाड्यातल्या लग्नांत येसराची आमटी असतेच. पण कोरड्या मुलखातल्या बायकांनी ती लग्नाच्या पंगतीपुरती काढली नसणार. टंचाई त्यांच्या ओळखीची होती. माझ्या घरी आजही येसराचा डबा रिकामा होऊ देत नाही.

आता गावाबद्दल. १९८२ साली जिल्हा झाला तेव्हाचं लातूर आणि आजचं लातूर यांत फार अंतर पडलं आहे. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांवर होती आणि त्याच वर्षी महानगरपालिका झाली. गंजगोलाई मात्र आहे तिथे आहे. १९१७ची ती वास्तू, तिला येऊन मिळणारे १६ रस्ते, आणि रस्त्यागणिक वेगळा बाजार. भुसार लाइनीत डाळ बघायची, मग दुसऱ्या रस्त्यानं जाऊन मिरची बघायची, नाकाशी धरून धने निवडायचे. हे सगळं आता मोबाईलवर घरपोच मिळतं. मला अजून गोलाईतच जावंसं वाटतं, कारण वास घेतल्याशिवाय धने घेणं मला जमत नाही.

शहर वाढलं ते मुलांमुळे. परीक्षेची कसून तयारी करून घ्यायची इथली पद्धत, तिचं लातूर पॅटर्न म्हणून जे नाव झालं, त्यामुळे डॉक्टर-इंजिनिअर व्हायला निघालेली पोरं नांदेड, परभणी, बीड, हिंगोली आणि पार विदर्भातून इथे येतात. उद्योग भवनाचा परिसर, औसा रोड, खाडगाव रोड, जिकडे बघावं तिकडे क्लासच्या पाट्या, वसतिगृहं आणि मेस. गल्लीतल्या जुन्या वाड्यांच्या जागी चार मजली इमारती झाल्या आणि खोलीखोलीत पोरं राहतात. त्यांच्या जेवणावर इथल्या कितीतरी बायकांची घरं चालतात. माझ्या ओळखीत नवरा गेल्यावर डब्यांवर दोन मुलींची लग्नं केलेली बाई आहे. गावात बायकांनी उभा केलेला हा केवढा मोठा धंदा आहे! पण शहराच्या विकासाच्या भाषणांत त्याचं नाव कधी येत नाही.

डब्यांमुळे आपल्या जेवणातही बदल झाला. डब्यात भाकरी टिकत नाही. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून ते गरम पाण्यात मळावं लागतं, एकेक भाकरी हातानं थापावी लागते, आणि तव्यावरून ताटात आली तरच ती खरी. दोन तासांनी ती कडक होते. पोळी दुमडून डब्यात बसते आणि संध्याकाळपर्यंत मऊ राहते. म्हणून शेकड्यांनी डबे करायचे तर पोळीच. शिवाय रानातूनही खरिपाची ज्वारी हटली. पैसा सोयाबीनचा मिळतो, शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? पण ज्वारी गेली तसा कडबाही गेला, आणि कडबा गेल्यावर दावणीची जनावरं कमी झाली. दूध, ताक पिशवीतून यायला लागलं. आमच्या गल्लीत पूर्वी ताक मागून आणायचं असायचं, विकत कुणी घेत नव्हतं.

तरी मी आठवड्यातून दोन दिवस डब्यात भाकरी देते. पातळ थापते, चांगली शेकते आणि मुलांना सांगून ठेवते, की आमटीत कुस्करून खा. परभणीचा एक मुलगा पहिल्या आठवड्यात रोज अर्धा डबा परत पाठवायचा. भाकरी आणि येसराची आमटी गेली त्या दिवशी डबा पुसून परत आला. त्याच्या आईला मी फोन करून सांगितलं, तर ती फोनवर रडायलाच लागली. घर सोडून आलेल्या सतरा वर्षांच्या पोराला अभ्यासाइतकंच हेही लागतं.

आता पाण्याचा आजचा मामला. नळाला रोज पाणी येत नाही, बोअरचं जड आहे, म्हणून प्रत्येक गल्लीत जार आले. २० लिटरचा जार, आरओचं पाणी. त्यात डाळ पटकन शिजते हे मी नाकारत नाही. क्षार काढलेले असतात, शिजणारच. कितीतरी मेसमध्ये आता पिण्याला आणि डाळीला जार, बाकीला बोअर, अशी वाटणी झाली आहे. पण आरओच्या यंत्रात जेवढं पाणी गाळून मिळतं त्याच्यासोबत पुष्कळ पाणी क्षार घेऊन दुसऱ्या नळीनं बाहेर पडतं. घरगुती यंत्रात तर गाळलेल्यापेक्षा फेकलेलं पाणी बहुतेक वेळा जास्त असतं. ज्या गावानं रेल्वेनं पाणी आणलं त्या गावात ती नळी थेट मोरीत सोडलेली पाहिली की माझा जीव तुटतो. तिच्याखाली बादली ठेवा. त्या पाण्यानं फरशी पुसता येते, संडासात टाकता येतं, भांड्यांची पहिली धुणी होते. झाडांना मात्र तेच पाणी रोज घालू नका, माती खारावते.

सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाचं पाणी येणार, हे आपण कितीतरी निवडणुका ऐकत आलो. येईल तेव्हा येवो. तोवर पालिकेनं निदान एवढं करावं, की कुठल्या भागाला कुठल्या दिवशी आणि किती वाजता पाणी सोडणार ते आधी सांगावं आणि पाळावं. रात्री दोनला पाणी सुटलं तर ते भरायला बाईच उठते, आणि पहाटे पाचला डाळ लावायलाही तीच उठते.

जाता जाता एक विनंती करते. मार्गशीर्षातली अमावास्या, म्हणजे आपली येळवस, डिसेंबर-जानेवारीत येते. त्या दिवशी सगळं लातूर रानात असतं. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत पाच पांडव म्हणून मांडलेले दगड, त्यांची पूजा, आंबील, बाजरीचे उंडे आणि भज्जी. ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, पावटा, मेथी, गाजर, जे जे रानात त्या घडीला हिरवं आहे ते सगळं एका पातेल्यात, वर ताकात कालवलेलं बेसन आणि चिंच. भज्जी घट्ट होत येते तसं तळाला लागू नये म्हणून सतत हलवत राहावं लागतं, दोघी आळीपाळीनं हलवतात. त्या दिवशी शहराच्या रस्त्यांवर चिटपाखरू नसतं. आणि वसतिगृहातली पोरं खोल्यांत बसून असतात, कारण मेसला सुट्टी असते. कुणी बिस्किटं खातं, कुणी झोपून काढतं.

तर ज्यांच्या घरी शेत आहे त्यांनी यंदा आपल्या गल्लीतल्या दोन-चार मुलांना सोबत न्या. वसतिगृह चालवणाऱ्यांनी आधी आठ दिवस मुलांना विचारून नावं काढून ठेवा, म्हणजे कुणाच्या गाडीत किती जण बसणार ते ठरवता येईल. परीक्षा जवळ आलेली असते, पालक नको म्हणतील, त्यांच्याशी मी बोलेन. भज्जीला नेहमीपेक्षा मोठं पातेलं काढा, आणि पिण्याचं पाणी घरूनच न्या, रानातल्या बोअरचा भरवसा धरू नका.

नमस्कार.