आम्ही, आपण आणि छापखाना

मंडळी, मराठीत एक सोय आहे, ती हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर, ‘आपण’ म्हटलं की समोरचा आत. माणसं सांभाळताना हा फरक किती महाग पडतो, ते मला गिरगावातल्या आमच्या छापखान्यात कळलं, तेही उशिरा.

वडिलांच्या वेळचा छापखाना. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणेशोत्सव मंडळांचे अहवाल. सात माणसं, त्यांत तीन कंपोझिटर, म्हणजे खिळे (अक्षरांचे ठसे) एकेक जुळवून मजकूर लावणारे. १९९४ साली मी डीटीपीसाठी, म्हणजे पडद्यावरच मजकूर जुळवायला, कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. सांगितलं कुणाला? बँकेला आणि बायकोला. कामगारांना सांगितलं चहावाल्या पोऱ्याने, कारण डिलिव्हरीचा माणूस खाली टपरीवर पत्ता विचारत होता.

त्या आठवड्यात खिळे जागेवर जाईनात. छपाई झाली की जुळलेला मजकूर सोडून प्रत्येक खिळा आपापल्या खणात टाकायचा असतो. ते कुणी करेना. भांडण नाही, तक्रार नाही. मला वाटलं, आळस.

ही माणसं लालबाग-परळची. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. आमच्या दोघा कामगारांचे सख्खे भाऊ त्यात होते. ‘मालकाने नवीन काहीतरी आणलंय’ याचा अर्थ त्या घरांत कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

मग मी सगळ्यांना जमवून म्हटलं, ‘आपल्याला काळाबरोबर चालायला हवं.’ थोरले कंपोझिटर, ज्यांना सगळे तात्या म्हणत, मला लहानपणापासून ‘बाळू’ म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, ‘मालक, चालणार तुम्ही, थांबणार आम्ही. यात आपण कुठे आलो?’

त्यानंतर मी एकेकाशी बोललो. केबिनमध्ये बोलावून नव्हे, त्यांच्या खिळ्यांच्या खणांपाशी उभं राहून. प्रश्न काय होते? उचल एकदम कापणार का? गणपतीत गावी जाता येईल ना? दिवाळीला बोनस आहे ना? एकाचाही कॉम्प्युटरशी संबंध नाही, आणि मी फॉन्टचं कौतुक सांगत बसलो होतो! मोठ्या कारखान्यांत तर बोनस तेव्हा १९६५ च्या कायद्यानेच द्यावा लागे, किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग; सात माणसांच्या छापखान्यातही तो कष्टाचाच. पण आम्ही मालक पाकीट असं देतो की घेणाऱ्याला तो उपकार वाटावा.

(आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. सूचना टाकली, खाली सात अंगठे आले, की झालं कळवून. वाचलं आणि पटलं यांत फरक असतो हो.)

तात्या प्रूफं वाचायला तयार झाले, पण चार महिन्यांनी; डीटीपीच्या मुलाने एका पत्रिकेत ‘शुभदीन’ छापल्यावर. ज्याने आयुष्यभर एकेक वेलांटी बोटांनी उचलली, त्याला ती चूक दारातून दिसते. दुसऱ्याने कीबोर्ड शिकून घेतला.

तिसऱ्यासाठी काम उरणार नाही, हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. त्याला सांगितलं सहा महिन्यांनी. जीभच उचलत नव्हती. तोवर ओळखीच्या एका छापखान्यात त्याच्यासारख्याची जागा होती, ती भरून गेली.

पुढे चर्नी रोडच्या पुलावर तो अधूनमधून भेटायचा. थांबायचा, मुलांची चौकशी करायचा. फक्त ‘आपला छापखाना’ म्हणायचा, तो ‘तुमचा छापखाना’ म्हणायला लागला होता.