काकूंचा गुडघा, गरम पाण्याचं कुंड आणि रेडॉन

स्वारगेट, पहाटे साडेपाच. दापोलीची गाडी अजून लागायचीय. आमच्या वाड्यातल्या काकू बाकावर बसल्यात, पिशवीत टॉवेल, जुनी साडी आणि गुडघ्याला चोळायचं तेल. निघाल्यात उन्हवऱ्याला, गरम पाण्याच्या कुंडात. काल नातवाने मोबाईलवर काहीतरी वाचून जाहीर केलं की आजी, असलं पाणी रेडिओॲक्टिव्ह असतं! झालं, तेव्हापासून माझ्या मागे लागल्यात, "काय रे, खरंय का हे?"

तर थोडं खरंय काकू. रेडिओॲक्टिव्ह म्हणजे ज्याचे अणू आपोआप फुटत राहतात असं. खडकात थोडं का होईना युरेनियम असतं, त्याचं होत होत रेडियम होतं आणि रेडियममधून निघतो रेडॉन, ना रंग ना वास, 3.8 दिवसांत निम्मा संपणारा वायू. आणि त्यासाठी उन्हवऱ्यालाच जायला नको, तो आत्ता इथे स्वारगेटलाही आहे, जमिनीतून झिरपतो, पहाटेच्या गार आणि पडलेल्या हवेत खालीच साचतो, ऊन-वारा सुटला की विरतो. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेवाल्यांनी हवेतल्या विजेच्या अभ्यासासाठी तो पुण्यात मोजलाय सुद्धा.

आता गोटी सोडा आठवा. बाटली उन्हात तापलेली असली की गोटी दाबल्या दाबल्या कसा फसफसून अंगावर येतो? रेडॉनचं तसंच, गार पाण्यात टिकतो, गरम पाण्यातून पटकन निसटतो. म्हणजे कुंडात बसलेल्या माणसाने काळजी करायची तर पाण्याची कमी आणि नाकासमोरच्या हवेची जास्त.

कातडीतूनही तो आत जातो बरं का. लोकांना रेडॉनच्या पाण्यात बसवून नळीतून स्वच्छ हवा दिली, तरी त्यांच्या उच्छ्वासात रेडॉन सापडला, म्हणजे कातडीतून रक्तात, रक्तातून फुप्फुसात आणि तिथून बाहेर. चरबीत थोडा जास्त वेळ रेंगाळतो (आपल्यासारख्यांनी इथे मान खाली घालावी), पण माणूस पाण्यातून बाहेर आल्यावर बराचसा तासाभरात श्वासावाटे निघून जातो. तो कुणाशी फारसा जोडलाच जात नाही, आला तसा जातो.

खरी कटकट त्याच्या पोरांची. रेडॉन फुटला की पोलोनियम, शिसं, बिस्मथ होतं, हे वायू नाहीत, धुळीला वाफेला चिकटून श्वासनळीत जाऊन बसतात आणि तिथेच फुटतात. फुटताना त्यातून उडणारे बारीक अल्फा कण शरीरात मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही जात नाहीत, म्हणून बाहेरून आले तर कातडीचा वरचा मेलेला थर त्यांना अडवतो, पण श्वासनळीचं अस्तर असतं नाजूक, तिथे कसलं अडवणं. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या कारणांत सिगरेटनंतर रेडॉनचं नाव येतं ते यामुळे.

ऑस्ट्रियात गास्टाइनला लोक मुद्दाम हे घ्यायला जातात! 1940 च्या दशकात सोनं शोधायला बोगदा खणला, आत लागली गरम दमट हवा. तिथे घनमीटरभर हवेत सुमारे 44,000 बेकरेल, म्हणजे सेकंदाला तेवढे अणू फुटतात. घरासाठी जागतिक आरोग्य संघटना 100 म्हणते. सांधेदुखीवाले डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिथे जवळपास तासभर पडून राहतात, बरं वाटतं म्हणतात, आता ते रेडॉनने की 40 डिग्रीच्या उबेने यावर अजून वाद आहे. माझं मत विचाराल तर ऊब.

आपला सह्याद्री बेसॉल्टचा, त्यात युरेनियम ग्रॅनाइटच्या मानाने कमी, त्यामुळे इकडे दुसरं गास्टाइन निघेल असं मला वाटत नाही. उघड्यावरच्या कुंडात वारा असतोच, दोन डुबक्या मारून काही होत नाही. बंद खोली, खिडकी नाही, वाफ कोंडलेली, तिथे मात्र मी फार वेळ बसणार नाही.

काकूंनी सगळं ऐकलं, पिशवीची गाठ पुन्हा मारली आणि म्हणाल्या, "मी बसेन अर्धा तास आणि येईन घरी. पण अशा बंद खोलीत दिवसभर टॉवेल देत जो बसतो, त्याचं काय रे?"

त्याचंच तर मोजायला हवं काकू. चला, गाडी लागली.