अंगणातलं शोभेचं गवत

संध्याकाळी पाचला तुम्ही जिथे चहा घेत बसता, तिथे बसून ऊन कुठून येतंय ते बघा. गवत तुमच्या आणि त्या उन्हाच्या मध्ये यायला हवं. फाऊंटन ग्रासच्या तुऱ्याला बारीक केस असतात. पाठीमागून ऊन आलं की तो पेटल्यासारखा दिसतो, समोरून आलं की नुसता धुरकट. नर्सरीत हे कुणी सांगत नाही, आणि लोक बिचारे पूर्वेच्या भिंतीला गवत लावून संध्याकाळी हिरमुसतात.

दुसरी चूक म्हणजे एक हे, एक ते, असे सुटे ठोंब. ते तण वाटतात, आणि नवा माळी ते उपटतोही. दहा फूट बाय पाच फुटांच्या वाफ्यात जांभळ्या फाऊंटन ग्रासचे पाच ठोंब पुरतात: मागे तीन, पुढे दोन, तीन-तीन फुटांवर. लावताना वाफा रिकामा वाटेल, वाटू द्या. एकेक ठोंब दोन-तीन फूट पसरतो. या जांभळ्या जातीला उगवणारं बी जवळपास धरतच नाही. तिची हिरवी बहीण मात्र घेऊ नका. मूळची आफ्रिकेतली ती हवाई बेटांवर लाव्हाच्या माळांवर पसरली आणि आता तिथल्या वणव्यांना तेच इंधन झालंय.

काळ्या मातीत गवत मरतं ते बुंध्यात पाणी साचून. म्हणून वाफा अर्धा फूट उंच करा, मातीत मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळा. फुटव्यांचा बुंधा मातीच्या पातळीतच राहू द्या; खोल पुरला की कुजतो. युरिया नको. पातं लुसलुशीत वाढतं आणि पहिल्या जोराच्या सरीत सगळा ठोंब आडवा होतो. सावलीतही असाच लोळतो. दिवसाला सहा तास ऊन हवंच. सावलीच्या कोपऱ्यात मोंडो ग्रास लावा. नाव ग्रास असलं तरी ते शतावरीच्या कुळातलं, आणि सावलीत सुखी.

उताराची जागा असेल तर वाळ्याला पर्याय नाही. उताराला आडव्या, समपातळीतल्या रेषेत दर चार ते सहा इंचांवर दोन-तीन फुटव्यांचा जुडगा लावायचा. पानं वीतभर ठेवून कापायची, मुळं चार इंचांवर छाटायची. पाऊस लागला की लगेच लावा, म्हणजे पावसाळाभर मुळं उतरतात. भुसभुशीत जमिनीत ती दोन-तीन मीटर खोल जातात. दोन जुडग्यांत हातभर अंतर राहिलं, तर पाणी नेमकं त्याच फटीतून माती घेऊन जातं.

छाटणी मेच्या शेवटच्या आठवड्यात, वर्षातून एकदाच. ठोंबाला कमरेशी सुतळी गच्च बांधा आणि जमिनीपासून वीतभर ठेवून धारदार विळ्याने कापा. पेंढी अख्खी हातात येते, अंगणभर कचरा होत नाही. पूर्ण बाह्या आणि हातमोजे घाला. गवती चहाची पात हात कापते, आणि तो कापताना बुडाचा पांढरा भाग सोडून कापायचा. ऑगस्टमध्ये नीटनेटकेपणाच्या हौसेने कात्री लावाल तर तुरे त्या कात्रीतच जातील.

तीनेक वर्षांनी ठोंब मधोमध वाळून कड्यासारखा दिसू लागतो. त्याला रोग समजून औषध मारू नका. जूनमध्ये खणून काढा, कुदळीने चार फाका करा, मधला वाळलेला भाग टाकून द्या आणि बाहेरचे फुटवे पुन्हा लावा.