गोफणीतून सुटलेला पास

[दृश्य: हिवाळ्यातली सकाळ. त्र्यंबक रस्ता. सातपूर एमआयडीसीची तिसरी पाळी सुटून दुचाकींची रांग लागलेली. टपरीवर चहा उकळतोय.]

साडेसात वाजलेत. बाकावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसलाय तो माझा मावसभाऊ. घरात सगळे त्याला दादा म्हणतात. रात्रभर त्याने मायक्रोमीटर घेऊन जॉब तपासलेत. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला, तर दादा जॉब बाजूला काढतो, मग सुपरवायझर कितीही ओरडो. आत्ता त्याच्या हातात मोबाईल आहे आणि पडद्यावर एकेक ओळ वर सरकतेय.

तिसरा डाऊन, आठ यार्ड बाकी. आप्पांचा पास. अपूर्ण.

दादा "च्च" करतो. टपरीवाला न विचारता दुसरा कटिंग ठेवतो.

आप्पा म्हणजे क्वार्टरबॅक. अमेरिकन फुटबॉलमधला. आणि हा माणूस जगात कुठेच नाही.

[दृश्य: मैदानाचं रेखाचित्र.]

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पाय. इथे चेंडू हातात. मैदान १०० यार्डांचं, दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. एकेका प्रयत्नाला डाऊन म्हणतात. पाच धिप्पाड गड्यांच्या आडोशाला उभं राहून, दोन-तीन सेकंदांत बघून, ठरवून जो फेकतो तो क्वार्टरबॅक. एवढं पुरे. बाकीचे नियम दादाने मला तीनदा सांगितले आणि तिन्ही वेळा मी विसरलो.

हा खेळ मैदानाशिवाय खेळायची खोड जुनी आहे. हॅल रिचमनने १९६१ साली 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' नावाचा पत्त्यांचा आणि फाशांचा बेसबॉल विकायला काढला, १९६८ मध्ये फुटबॉलही आणला. पुढे संगणक आले. प्रशिक्षक जॉन मॅडनच्या नावाने गेम बनवायचं ठरलं, तेव्हा यंत्रं इतकी दुबळी होती की बनवणाऱ्यांना कमी गडी हवे होते. मॅडन अडून बसला: अकराविरुद्ध अकरा, नाहीतर माझं नाव नको. त्या हट्टापायी गेम रखडला आणि १९८८ मध्ये बाहेर आला.

दादा इंटरनेटवरच्या एका लीगमध्ये खेळतो, तिथे तर बटणंही नाहीत. तुम्ही एक खेळाडू घडवता. त्याचा वेग, हाताची ताकद, नेम, डोकं, सगळ्याला आकडे. दर आठवड्याला काहीतरी काम करायचं: लेख लिहायचा, निकालाचे अंदाज द्यायचे. त्याचे गुण मिळतात, ते खेळाडूवर खर्च करायचे. आकडा जितका वर गेलेला, तितका पुढचा गुण महाग. मग सामन्याच्या दिवशी संगणक ते सगळे आकडे घेतो, त्यांत नशिबाचा फासा मिसळतो आणि सामना आपोआप खेळला जातो. तुम्ही फक्त बघायचं.

मी म्हटलं, "मग तुझ्या हातात काय?"

"बागेत आप्पांच्या हातात काय होतं?"

[दृश्य: निफाड तालुका. द्राक्षबाग, ओळींमधून चालणारा कॅमेरा.]

आप्पा आमच्या आईचे वडील. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, मधे फवारण्या, डिपिंग, विरळणी. हे सगळं बिनचूक करायचं आणि मग आभाळाकडे बघत बसायचं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, तेव्हा माल काढायला आठ दिवस उरले होते. आप्पा बांधावर बसून होते. माई, म्हणजे आमची आजी, शेडमध्ये कात्री घेऊन फुटके मणी काढत राहिली, जे घड वाचतील ते वाचवत. बाग मात्र गावात आप्पांचीच म्हणून ओळखली जायची. असो.

लॉकडाऊनमध्ये कंपनी बंद होती. तेव्हा दादाला ही लीग सापडली. जागा निवडायची होती, त्याने क्वार्टरबॅक निवडली. नाव टाकलं 'आप्पा'. जर्सीला सातबाऱ्यातला सात हवा होता, तो कुणीतरी आधीच घेतलेला, म्हणून बारा.

पहिल्याच लेखात त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत आप्पांची जन्मकथा लिहिली: हा मुलगा निफाडकडचा, बाजरीच्या शेतात माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरं उडवायचा, म्हणून याचा हात असा. ओहायो का कुठल्याशा संघमालकाने विचारलं, गोफण म्हणजे काय?

[दृश्य: दादाच्या हातात सुताची जुनी गोफण. जवळून.]

ही ती. एका टोकाचा फास बोटात अडकवायचा, दुसरं टोक चिमटीत धरायचं. मधल्या खोलगट पट्टीत दगड. डोक्यावरून गरागरा फिरवायची आणि नेमक्या क्षणी चिमूट सोडायची. लवकर सुटली तर दगड भलतीकडे, उशिरा सुटली तर आपल्याच पायाशी. दादाने हे सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं: आमच्याकडे यालाच रिलीज म्हणतात. त्याच संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, आप्पांना उचललं, चौथ्या फेरीत.

पहिले दोन हंगाम सांगण्यासारखे नाहीत. टचडाऊन म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकापलीकडे पोचवणं, इंटरसेप्शन म्हणजे आपला पास समोरच्याच्या हातात. पहिल्यापेक्षा दुसरंच जास्त. पासर रेटिंग नावाचा एक आकडा असतो, त्याचं सूत्र चार गुणोत्तरं मिळून बनतं आणि तो जास्तीत जास्त १५८.३ होतो. १५८.३ च का, हे मला विचारू नका, दादा कागद घेऊन बसेल. आप्पा त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हते. दादा पाळी संपवून लेख लिहायचा, गुण साठवायचा, सगळे नेमात घालायचा. ताकद नंतर, म्हणायचा.

पाचव्या हंगामात संघ अंतिम सामन्यात पोचला. आदल्या दिवशी संघाच्या व्यवस्थापकाने तोच सामना स्वतःच्या संगणकावर पन्नास वेळा चालवून बघितला. चौतीस वेळा आप्पा जिंकले. खरा सामना एकदाच चालतो.

ती सकाळ दादा अजून सांगतो. हीच टपरी. शेवटची दोन मिनिटं, चार गुणांनी मागे. चौथा डाऊन, तीन यार्ड. आप्पांचा पास... आणि पुढची ओळ यायला वेळ लागला. नेटवर्क गेलं होतं. चहावर साय धरली. मग ओळ आली: इंटरसेप्शन.

घरी गेला तर वहिनी दारातच थबकली. "काय झालं? कोण गेलं?"

"आप्पा हरले."

वहिनी म्हणाली, "अहो, आप्पांना जाऊन पाच वर्षं झाली."

[दृश्य: गोदाघाट, संध्याकाळ. दादा पायरीवर बसलेला.]

इथे थोडं विषयांतर. आपल्या राज्यात हा खेळ अगदीच परका नाही. २०१२ मध्ये भारतात एक व्यावसायिक लीग निघाली होती, त्यात पुणे मराठाज नावाचा संघ होता. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑलिंपिक समितीचं अधिवेशन भरलं ते मुंबईत. तिथेच ठरलं की २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटसोबत फ्लॅग फुटबॉलही असेल. तिथे कुणी कुणाला आडवं पाडत नाही, कमरेची पट्टी ओढायची. नाशिकपासून चार तासांवर हे ठरलं आणि नाशिकमध्ये त्याचा आनंद बहुधा एकाच माणसाला झाला.

लीगमध्ये खेळाडू म्हातारा होतो. काही हंगामांनंतर दरवेळी त्याचे आकडे ठरावीक टक्क्यांनी कापले जातात, कितीही गुण ओता. आप्पांचा हात आधी गेला, मग पाय. नेम टिकला, कारण तिथे दादाने सगळ्यात जास्त साठवलं होतं. आणि गंमत अशी, किताब आला तो याच उतरत्या हंगामात. संघ पास न टाकता चेंडू घेऊन पळून पळून जिंकला. आप्पांनी जेमतेम अठरा पास टाकले, टचडाऊन एकही नाही. दादा तेव्हा दुसऱ्या पाळीला होता, सामना चालू असताना गाढ झोपलेला. उठून बघतो तर अभिनंदनाचे निरोप. मला विचाराल तर हरलेला सामनाच मोठा होता. दादाही त्या जिंकलेल्या सामन्याबद्दल फार बोलत नाही.

त्यानंतर त्याने आप्पांना निवृत्त केलं. संघाने बारा नंबर बाजूला ठेवला, आता तो कुणाला मिळणार नाही.

[दृश्य: पुन्हा टपरी. मोबाईलवर नवा अर्ज. अंगठा एका रकान्यावर थांबलेला.]

नवा खेळाडू भरतोय दादा. जागा: लेफ्ट टॅकल. क्वार्टरबॅकच्या पाठीकडची बाजू हा राखतो. टचडाऊन नाही, यार्ड नाहीत. सरकणाऱ्या ओळींत याचं नाव येतं ते फक्त चुकल्यावर.

"नाव काय देतोयस?"

"माई."

"अरे, बाईमाणसाचं नाव!"

"तिकडं कुणाला कळतंय," दादा म्हणतो आणि उरलेल्या चहात खारी बुडवतो.