आधी गोळी, मग चहा

(ज्येष्ठ नागरिक संघात एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

"डॉक्टर, मला थायरॉईड आहे," असं रोज कोणीतरी सांगतं. मी म्हणतो, मलाही आहे. तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्यांनाही आहे. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी प्रत्येकालाच असते. वजन जेमतेम १५-२० ग्रॅम. पाठ्यपुस्तकात तिला अवटु म्हणतात, पण इतक्या वर्षांत एकाही पेशंटच्या तोंडून मी तो शब्द ऐकलेला नाही. आज बोलायचं आहे ते ही ग्रंथी मंदावते तेव्हा काय होतं त्याबद्दल.

दुसरा घोटाळा रिपोर्ट वाचताना होतो. "थायरॉईड वाढलाय, १२ आलाय." अहो, वाढलाय तो टीएसएच. थायरॉईड उलट कमी पडलाय! टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन, तो येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून. शाळेच्या वेळी आई पोराला हाका मारते तसं समजा. पोरगं उठलं नाही की तिचा आवाज चढत जातो. टीएसएच हा आईचा आवाज. साधारण ०.४ ते ४.५ असला तर घरात शांतता आहे. १२ म्हणजे पोरगं अजून अंथरुणात आहे. म्हणून टीएसएचसोबत टी-४, म्हणजे थायरॉईड स्वतः बनवते तो हार्मोन, बघायचा, पोरगं खरंच किती काम करतंय ते त्यातून कळतं.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, हातात चार फायली. केस गळतात म्हणून त्वचेच्या डॉक्टरांची, पाळीला अंगावरून फार जातं म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांची, हाताला मुंग्या येतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांची, आणि कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून चौथी. बद्धकोष्ठतेची फाईल नव्हती, त्यावर घरचं चूर्ण चालू होतं. यजमानांची तक्रार वेगळीच: "ही मे महिन्यात पंखा बंद करते." बाईंचा आवाज घोगरा झालेला, नाडी संथ. घोट्यामागे हातोडी मारली तर पाऊल झटक्यात हललं आणि रमतगमत जागेवर आलं. चारही फायलींचा आजार एकच होता. घरात मात्र दोन वर्षं 'हिला हल्ली आळस भरलाय' हेच निदान चालू होतं.

उलट बाजूही सांगतो. नुसता थकवा म्हणजे थायरॉईड नव्हे. हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ आणि झोपही बघायला हवी. वजनाचं तर विचारूच नका. या आजाराने वाढतं ते बहुधा तीन-चार किलो, त्यातही बरंचसं पाणी आणि मीठ. वीस किलोंचा दोष त्या बिचाऱ्या ग्रंथीवर टाकता येत नाही.

आपल्याकडे या आजाराचं मुख्य कारण म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणाच ग्रंथीवर उलटते. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. भारतातल्या आठ शहरांत पाहणी झाली होती, २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यात मुंबई आणि गोवाही होतं. शंभरातल्या जवळपास अकरा प्रौढांची ग्रंथी मंद निघाली.

उपाय मात्र जुना आहे. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका ४६ वर्षांच्या बाईला बरं केलं. त्या ७४ वर्षांच्या होईपर्यंत जगल्या. आज त्याजागी इवलीशी, स्वस्त गोळी आहे. शरीरात जे कमी पडतं तेच ती भरून काढते.

मग एवढं असून टीएसएच खाली का येत नाही? चहामुळे! आपल्याकडे डोळे उघडायच्या आत चहा लागतो, आणि गोळी त्याच घोटाबरोबर जाते. ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे निदान अर्धा तास, जमलं तर तासभर काहीही नाही. कॅल्शियम, लोह आणि अ‍ॅसिडिटीची काही औषधं यांच्यात चार तासांचं अंतर हवं. संघातल्या निम्म्या लोकांच्या कॅल्शियमच्या गोळ्या सकाळीच असतात, त्या दुपारच्या जेवणानंतर ढकला. सकाळी जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री घ्या, जेवणानंतर तीन तासांनी.

ही गोळी शरीरात रेंगाळते, आठवड्याभराने निम्मी उरते. म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच करायचा. पंधरा दिवसांत लॅबमध्ये धावू नका. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी सांगा, आकडे चुकतात.

आता आपल्या वयाचं. वयाबरोबर टीएसएच थोडा वर सरकतोच. सत्तरीत सहा-सात आला, त्रास काही नाही, टी-४ नीट आहे, तर बहुधा नुसतं लक्ष ठेवणं पुरतं. जास्त डोसने छातीत धडधड होते, हाडं ठिसूळ होतात. हृदयविकार असेल तर सुरुवात अगदी छोट्या डोसने.

घरातल्या लेकी-सुनांसाठी एक निरोप न्या. गोळी चालू असताना दिवस गेले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवायचं, कारण डोस वाढवावा लागतो. पहिले तीन महिने बाळ आईच्याच हार्मोनवर असतं. आणि नातवंड जन्मलं की टाचेतून रक्त घेऊन टीएसएच केला का, ते विचारा. दोष जन्मजात असेल तर दोन आठवड्यांच्या आत औषध सुरू व्हायला हवं, उशीर झाला तर बुद्धीची वाढ खुंटते.

चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात. "कोबी-फ्लॉवर बंद करू का?" नको, शिजवून खा. "सैंधव चांगलं ना?" त्यात आयोडीन जवळजवळ नसतं, रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच ठेवा. "बरं वाटल्यावर गोळी सोडली तर?" बरं वाटतंय ते गोळीमुळेच, बहुतेकांना ती कायमची असते.

आणि ही शेवटची: "संकष्टीला गोळी चालते का?" चालते हो. साबुदाण्याच्या खिचडीआधी एक तास.